बेघर तरुण, घरच्यांचा आधार आणि तब्येत: मुंबईत अभ्यास करायचा तर काय, कसं आणि कुणाला विचारायचं?

निवारा२४ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुंबईत फुटपाथवर, स्टेशनांच्या आसपास आणि पुलांखाली राहणाऱ्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींवर अभ्यास आखायचा आहे. घरच्यांचा आधार आणि तब्येत यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा मुख्य प्रश्न.

कच्चा आराखडा असा: ३०० जण, प्रत्येकाची एकच मुलाखत, साधारण ४० मिनिटांची. आधार मोजायला झिमेट आणि सहकाऱ्यांची १९८८ सालची १२ वाक्यांची मापनश्रेणी (घरचे, मित्र आणि ‘खास व्यक्ती’ यांच्याबद्दल प्रत्येकी ४ वाक्यं, गुण १ ते ७). नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. शिवाय उंची, वजन, हिमोग्लोबिन.

तीन ठिकाणी अडलंय. बेघर कोणाला धरायचं? नमुना कसा काढायचा? आणि ‘घरचे’ म्हणजे नक्की कोण? प्रत्यक्ष काम माहीत असलेल्यांनी मोकळेपणाने चुका दाखवाव्यात.

जुना_अभ्यासक

व्याख्येपासून सुरुवात करा. अर्धा अभ्यास तिथेच ठरतो.

जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपात (सिमेंटच्या मोठ्या नळात), उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर उघड्यावर राहणारे. २०११ साली त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशात सुमारे १७.७ लाख, बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. आता फुटपाथवर बांबू-ताडपत्रीचा आडोसा करून, चूल मांडून वर्षानुवर्षं राहणारं कुटुंब यात धरायचं की झोपडीत? एका रात्रीच्या मोजणीत हा निर्णय प्रगणकाच्या नजरेवर जातो. तुमच्या अभ्यासात तो आधी लिहून ठेवलेला हवा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९८५ साली ‘स्पार्क’ या स्वयंसेवी संस्थेने भायखळ्याचा ई वॉर्ड आणि काही मुख्य रस्ते मोजले, तेव्हा सुमारे ६ हजार कुटुंबं आणि २७ हजार माणसं नोंदली गेली. त्याच वर्षी जुलैत ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्या खटल्यातली माणसंही फुटपाथवर संसार करणारीच होती. पुढे २०१३ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ‘अ‍ॅक्शनएड’ यांच्या मोजणीत मुंबईत ३७,०५९ रस्त्यावरची मुलं नोंदली गेली. त्यातलीही बहुसंख्य कुटुंबासोबतच राहणारी होती.

थोडक्यात, मुंबईतला बेघर तरुण बहुतेक वेळा घर नसलेला असतो, घरचे नसलेला नसतो. या विषयावरचं बरंच परदेशी लेखन घरातून पळालेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलांवर आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या राज्यांत व्हिटबेक आणि हॉइट यांनी केलेल्या कामात घरातली मारहाण, मग घर सोडणं, मग रस्त्यावरच्या संगतीतून आणखी धोके, अशी साखळी मांडली आहे. तिथल्या मुलांना ती लागू पडते. भायखळ्याच्या फुटपाथवर जन्मलेल्या १७ वर्षांच्या मुलीला ती लावली, तर पहिलीच कडी निसटते. तिने घर सोडलेलंच नाही. आई दहा फुटांवर बसलेली आहे.

म्हणून सगळ्यांना एका टोपलीत टाकू नका. निदान चार गट पाडा: कुटुंबासह रस्त्यावर राहणारे; एकटे किंवा टोळीत राहणारे पण गावाशी संपर्क असलेले; संपर्क पूर्ण तुटलेले; आणि बालगृहातून १८ पूर्ण झाल्यावर बाहेर पडलेले. दिवसभर रस्त्यावर असून रात्री वस्तीतल्या घरी जाणारी मुलं आहेतच. ती घ्यायची की वगळायची, तेही आत्ताच ठरवा.

चिंचपोकळी

जुना_अभ्यासक, शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक महिनोन्महिने राहतात. रात्रीच्या मोजणीत तेही बेघर दिसतील. त्यांचं घर गावात शाबूत असतं, पण त्या काळातली झोप, जेवण आणि आजारपण अगदी फुटपाथवरचंच असतं. ‘इलाज संपल्यावर कुठे जाणार?’ हा एक प्रश्न विचारला की गट वेगळा काढता येतो. मशीद बंदर भागात हातगाडीवरच झोपणारे कामगारही तसेच. गावी घर, इथे गाडी.

शब्दवेल्हाळ

मापनश्रेणीच्या भाषांतराबद्दल. मराठीत केलं, उलट इंग्रजीत केलं, जुळलं, एवढ्यावर थांबू नका. शब्द जुळतात आणि अर्थ जुळत नाही, असं इथे हमखास होतं.

‘माझे घरचे मला खरोखर मदत करायचा प्रयत्न करतात’ हे वाक्य घ्या. गावाहून आलेला मुलगा विचारतो, कुठले घरचे? गावचे, की इथे ज्यांच्याबरोबर जेवतो ते? मुलाखतकाराने प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलं तर ती चार वाक्यं चार वेगळ्या गोष्टी मोजतील.

‘खास व्यक्ती’ तर फारच नाजूक. मराठीत ते ऐकताच प्रेमप्रकरणाचा वास येतो. आई शेजारी बसलेली असताना मुलगी तिथे गप्प होते किंवा ‘कोणी नाही’ म्हणते आणि तिचा गुण खाली जातो. तो आधाराचा अभाव नव्हे, ती सावधगिरी आहे. ‘अडीअडचणीला हक्काने हाक मारता येईल असं एक माणूस’ अशी रचना बरी.

१ ते ७ ची शिडी शाळा सुटलेल्यांना तोंडी झेपत नाही. उत्तरं १, ४ आणि ७ वरच साचतात. पाच खडे समोर ठेवून ‘जेवढं खरं वाटतं तेवढे खडे उचल’ असं करता येतं. मात्र ५ गुणांची केल्यावर मूळ श्रेणीच्या सरासऱ्यांशी तुलना करता येणार नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा.

माझं मत विचाराल तर श्रेणी दुय्यम ठेवा आणि आधी माणसांची यादी करा. ‘गेल्या ७ दिवसांत कोणाबरोबर जेवलास?’ ‘गेल्या ३० दिवसांत कोणी पैसे दिले, तू कोणाला दिलेस?’ ‘तुझी कागदपत्रं कोणाकडे असतात?’ ‘दवाखान्यात सोबत कोण येतं?’ ‘पोलिसांनी नेलं तर सोडवायला कोण येईल?’ ‘शेवटचा फोन कधी, कोणी केला?’ प्रत्येक नावापुढे नातं आणि ते माणूस राहतं कुठे, एवढं लिहा. खरी नावं नकोत, ‘मोठी बहीण’, ‘गाडीवाला चाचा’ पुरे.

यातला पैसे दिलेस का हा प्रश्न अजिबात गाळू नका. फुटपाथवरची १६-१७ वर्षांची मुलं घराचा आधार घेण्याइतकीच घराला आधार देत असतात. धाकट्यांना सांभाळणं, पाण्याचे हंडे भरणं, रोजची कमाई आईच्या हातात ठेवणं. फक्त ‘मिळतो का’ विचारलंत तर त्यांच्या आयुष्याची अर्धी बाजू कागदावर येणारच नाही. आणि थकवा, अपुरी झोप, सुटलेली शाळा हे सगळं त्या न विचारलेल्या बाजूला आहे.

निवारा२४

शब्दवेल्हाळ, हे फार मोलाचं आहे. दोन्ही दिशांचा आधार वेगवेगळा मोजायचा, असा बदल करतो. चाचणी मुलाखती किती घ्याव्यात?

शब्दवेल्हाळ

प्रत्येक गटातून ८-१०. प्रश्न विचारून लगेच ‘हे ऐकून तुझ्या डोळ्यांसमोर कोण आलं?’ असं विचारायचं. गुण मोजायचे नाहीत, फक्त ऐकायचं. हिंदीतूनही करा. स्टेशनवरच्या टोळ्यांची बोली मुंबईची हिंदी आहे, आणि मराठी मुलंसुद्धा तिथे तीच बोलतात.

वजाबाकी

नमुन्याबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

यादी नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकून निवड शक्य नाही. ‘भेटतील ते ३००’ घेतलेत तर दादर स्टेशनबाहेरचे बोलके मुलगे भरतील आणि मुली गायब होतील. जागा-वेळ पद्धत वापरा. आधी दोन आठवडे फिरून जागांचा नकाशा करा: सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस, कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस, माहीम दर्गा, हाजीअली, नळबाजार, पी. डिमेलो रोड, रे रोड, उड्डाणपुलांच्या खालचे पट्टे. प्रत्येक जागेसाठी ३-३ तासांचे तुकडे पाडा आणि जागा व तुकडा यांच्या जोड्यांतून चिठ्ठीने निवडा. निवडलेल्या तुकड्यात आधी वयोगटातले सगळे मोजा, मग दर तिसरा किंवा चौथा, ठरवाल तसा, विचारा. नकार मिळाला तरी नोंद करा.

प्रत्येकाला ‘गेल्या ७ रात्रींपैकी किती रात्री इथे होतास, बाकीच्या कुठे?’ हे विचारलंच पाहिजे. जो सातही रात्री एकाच जागी असतो तो सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून हिशेबात त्याच्या उत्तरांना भार कमी द्यायचा. हा प्रश्न विसरलात तर नंतर कुठल्याही सूत्राने भरून काढता येत नाही.

ओळखीच्या साखळीने नमुना वाढवण्याची पद्धतही आहे: मुलाखत दिलेल्याने आपल्या ओळखीच्यांना कुपन देऊन पाठवायचं. एकाला तीनच कुपनं, आणि ‘या वयाचे किती जण तुला नावानिशी ओळखतात’ हा प्रश्न सक्तीचा. टोळीतल्या मुलांपर्यंत ती चांगली पोहोचते. फुटपाथवरच्या कुटुंबांत मात्र साखळी त्याच गल्लीत फिरत राहते. आणि मोबदला मोठा ठेवलात तर कुपनं विकली जातात.

एकूण संख्येचा अंदाज हवा असेल तर दोनदा मोजणी. समजा पहिल्या रात्री १२० जण नोंदले, आठवड्याने १०० नोंदले आणि ३० दोन्हींत आले. साधं सूत्र १२० गुणिले १००, भागिले ३०, म्हणजे ४००. लहान नमुन्यासाठीची चॅपमनची दुरुस्ती लावली की ३९३. मुख्य गृहीतक: मधल्या काळात माणसं आली-गेली नाहीत. महापालिकेची गाडी येऊन ताडपत्र्या उचलून गेली असेल, तर ते गृहीतक गेलं आणि आकडा फुगला. अशा वेळी ती जागा गणितातून काढा.

३०० पुरतात का? टक्केवारी काढायला साधा नमुना असता तर कमाल चूक ५.७ टक्के. पण एका जागेवरची माणसं एकमेकांसारखी असतात. त्याचा परिणाम दुप्पट धरला तर तुमचे ३०० हे १५० च्या तोलाचे, चूक ८ टक्के. त्यात चार गट केले की प्रत्येक गट फार बारीक होतो.

आणि मूळ प्रश्न कोणता आहे ते ठरवा. ‘आधार असेल तर तब्येत बरी’ हा एक प्रश्न. ‘ताण जास्त असतानाच आधार ढालीसारखा काम करतो’ हा दुसरा. कोहेन आणि विल्स यांनी १९८५ मध्ये हे दोन्ही वेगळे मांडले आहेत. दुसऱ्यासाठी ताण आणि आधार यांचा गुणाकार संख्याशास्त्रीय प्रतिमानात (मॉडेलमध्ये) घालावा लागतो, आणि तो परिणाम मुख्य परिणामाएवढाच मोठा असला तरी पकडायला साधारण चौपट नमुना लागतो. ३०० मध्ये तो दिसला नाही, म्हणून ‘ढाल नाही’ असं कृपया लिहू नका.

एकाच भेटीतून कारण सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवा. मुलगा आजारी पडला म्हणून घरचे जवळ आले असतील, तर आकड्यांत आधार आणि आजार हातात हात घालून दिसतील. सहा महिन्यांनी दुसरी भेट ठेवता आली तर ठेवा. गळती मोठी होणार, म्हणून पहिल्याच वेळी तीन संपर्क घ्या: स्वतःचा फोन, शेजारच्या टपरीवाल्याचा, गावचा.

रात्रफेरी

वजाबाकींनी गणित सांगितलं, मी वेळेचं सांगते.

रात्री १ च्या आधी मोजणी करू नका. केटरिंगची मुलं १२-१ पर्यंत परततात. पहाटे ४ नंतर भाजी-फुलांच्या कामाला माणसं उठतात. मोजणी १ ते ४. मुलाखत मात्र त्या वेळी कधीच नको. झोपलेल्याला उठवून काढलेलं उत्तर घेऊ नये. कुटुंबांसाठी दुपारी २ ते ५ बरी, बायका त्या वेळी जरा मोकळ्या असतात. नाक्यावरच्या कामगारांना सकाळी ८ च्या आसपास नाक्यावर गाठलंत तर त्यांचा रोज बुडेल. काम न मिळालेले १० नंतर थांबलेले असतात, तेव्हा विचारा.

जून ते सप्टेंबरची मोजणी आणि मार्च-एप्रिलची मोजणी एकत्र करू नका. पावसात उघडा फुटपाथ रिकामा होतो आणि पुलाखालचे पट्टे, स्कायवॉक, स्टेशनचे आडोसे भरतात. माणसं तीच, जागा बदलते. रमझानमध्ये दर्ग्यांच्या परिसरात गर्दी वाढते, तेही लक्षात घ्या.

पॅड आणि ओळखपत्र गळ्यात घालून चार-पाच जण एकदम उतरलात की माणसं उठून चालू लागतात. त्याला कारण आहे. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि त्याखाली पकडून संस्थेत ठेवता येतं. साध्या कपड्यांत दोघी-दोघी जा, फोटो अजिबात नको. स्थानिक पोलीस ठाण्याला आधी पत्र द्या, पण पोलिसांना सोबत घेऊन जाऊ नका.

डॉ_परळ

आरोग्याच्या मोजमापांबद्दल क्रमाने लिहितो. चुका इथे फार शांतपणे शिरतात.

वय: दाखले नसतात, आणि सांगितलेली वयं १५, १८, २० वर साचतात. ‘२६ जुलैच्या पुरात तू झाला होतास का?’ ‘लॉकडाऊनला कितवीत होतास, की शाळा सुटली होती?’ अशा खुणांनी वर्षभराच्या फरकात आणता येतं. वय चुकलं की पुढचं सगळं चुकतं. १९ वर्षांपर्यंत शरीरवस्तुमान निर्देशांकाला (बीएमआय) प्रौढांची १८.५ ची सरळ रेघ लावायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे ५ ते १९ वयाचे तक्ते लावायचे. १५ वर्षांच्या सुदृढ मुलालाही १८.५ ची रेघ बारीक ठरवू शकते.

वजन: फुटपाथला उतार असतो. २ फूट बाय २ फूट प्लायवुड, खाली पाचरी, वर पाणसळ लावून मगच काटा ठेवा. उंचीसाठी सरळ भिंत शोधा, दुकानाच्या शटरला टेकवून घेऊ नका, शटर आत-बाहेर असतं.

हिमोग्लोबिन: बोट दाबून रक्त काढलं की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा खाली येतो. सुई खोल आणि एकदाच, पहिले दोन थेंब पुसून तिसरा घ्या. क्युव्हेटची (रक्ताचा थेंब घेऊन यंत्रात घालायच्या पट्टीची) डबी पावसाळी हवेत उघडी राहिली की पुढच्या सगळ्या वाचनांवर भरवसा राहत नाही. शक्य तर शिरेतून रक्त घ्या. सीमा (ग्रॅम प्रति डेसिलिटर): १२ ते १४ वयाच्या सर्वांना आणि १५ पुढच्या गरोदर नसलेल्या मुलींना १२, १५ पुढच्या मुलग्यांना १३.

लोह-फॉलिक गोळ्या मिळतात का, हेही विचारा. आठवड्याला एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह, हा कार्यक्रम शाळेतल्या मुलामुलींसाठी शाळेतून आणि शाळाबाह्य मुलींसाठी अंगणवाडीतून आहे. शाळाबाह्य मुलगे त्याच्या बाहेरच राहतात. स्टेशनवरचा १५ वर्षांचा मुलगा नेमका तोच आहे.

पीएचक्यू-९: एकूण गुण १० किंवा जास्त आला म्हणजे लगेच नैराश्य समजू नका. झोप, थकवा आणि भूक यांचे तीन प्रश्न फुटपाथवर डास, ट्रकचे हॉर्न आणि उपासमार यांनीच भरून येतात. ते तीन वगळून उरलेल्यांचं विश्लेषण वेगळं करून पाहा.

आता मूळ विषयाकडे. घरच्यांचा आधार सगळ्या आजारांत एकाच दिशेने काम करत नाही. खरूज घ्या. सहा जण एका गोधडीत झोपतात. एकालाच मलम दिलं तर दोन आठवड्यांत परत येते. ५ टक्के परमेथ्रिन सगळ्यांनी एकाच रात्री मानेखाली सर्वांगाला लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. क्षयाचंही तसंच. जवळ झोपणाऱ्या घरच्यांमुळे लागण होते आणि त्याच घरच्यांमुळे औषध पूर्ण होतं. साध्या क्षयाचा उपचार किमान ६ महिने चालतो: पहिले २ महिने ४ औषधं, पुढचे ४ महिने ३. गोळ्या कोण सांभाळतं, सामान उचललं गेलं तर पाकीट कुठे ठेवतात, आठवण कोण करतं, हे विचारा. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात. खातं कोणाच्या नावावर, हा प्रश्न पुन्हा घरच्यांपाशीच येतो.

म्हणून ‘तब्येत’ असा एक आकडा बनवू नका. लागणीचे आजार, पोषण, मन, इजा आणि व्यसन वेगळे ठेवा. एकत्र केलेत तर एकीकडचा फायदा दुसरीकडच्या तोट्यात विरून जाईल आणि ‘आधाराचा परिणाम नाही’ असं खोटं उत्तर हातात येईल.

चिंचपोकळी

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. खरंच सोनं आहे.

कलम_एकोणीस

संमतीबद्दल कोणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. १८ खालच्यांसाठी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती आणि १२ पुढच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यता लागते. पालक नसलेल्यांसाठी काय करायचं ते नैतिकता समितीकडून आधी लेखी घ्या. सोबतच्या टोळीतल्या मोठ्या मुलाला पालक समजून सही घेणं अतिशय धोक्याचं आहे, कारण त्रास देणारा तोच असू शकतो.

लैंगिक अत्याचाराबद्दल विचारणार असाल तर पोक्सो कायद्याचं १९ वं कलम आधी समजून घ्या. १८ खालच्यावर अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे. ‘तू सांगशील ते गुप्त राहील’ हे वाक्य म्हणूनच खोटं ठरतं. ‘एक गोष्ट सोडून बाकी गुप्त राहील, ती एक गोष्ट ही’ असं सुरुवातीलाच सांगा. मुलगा बोलायचं की नाही ते स्वतः ठरवेल. निराधार मूल सापडलं तर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवता येतं.

पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव नकोसा वाटण्याच्या प्रश्नाला, शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं की मुलाखत तिथे थांबली पाहिजे. पुढे कोण बोलणार, कोणत्या रुग्णालयात सोबत जाणार, हे नावासह ठरलेलं हवं. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेची, हेल्पलाइन आहे, पण ज्याच्याकडे फोन नाही त्याला नंबर देऊन काय उपयोग? माणूसच हवा.

रात्रफेरी

मोबदला रोख द्यावा की वस्तू? रोख दिली की नशेला जाते म्हणून जेवणाचं पाकीट द्यावं, असं बरेच जण म्हणतात.

कलम_एकोणीस

रोख द्या. त्याचा तासभर तुम्ही घेतलात, त्याचा रोज आहे. मोठ्यांना प्रवासखर्च रोख देतो आणि याला वडापाव, हा भेदभाव आहे. रक्कम तासाच्या मजुरीइतकी ठेवा, लालूच वाटेल इतकी नको.

वजाबाकी

रोख मान्य. फक्त कुपन-पद्धत वापरणार असाल तर आणलेल्या माणसामागचा मोबदला अगदी लहान ठेवा.

जुना_अभ्यासक

मोजायची एक बाब राहिली: व्यवस्थेमुळे कुटुंब तुटणं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या २०१३ च्या योजनेत दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायम निवारा आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा अपेक्षित होती. सव्वा कोटीच्या शहराचा हिशेब ज्याने त्याने करावा. पण निवारे पुरुषांचे, बायकांचे असे वेगळे असले की आई आणि मोठा झालेला मुलगा एका छताखाली राहू शकत नाहीत. कुटुंबं निवारा नाकारतात, ती ‘त्यांना फुटपाथच आवडतो’ म्हणून नव्हे. ‘निवाऱ्यात जागा मिळाली तर कोण कोण एकत्र जाऊ शकेल?’ असा प्रश्न घाला.

बालगृहातून आलेल्यांना वेगळं विचारा. कायद्यात १८ नंतर २१ पर्यंत अनुरक्षणाची (संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या मदतीची) तरतूद आहे, अपवादाने २३ पर्यंत. ती माहीत होती का, मागितली का, मिळाली का: तीन वेगळे प्रश्न.

कागदपत्रांचंही तसंच. मतदार नोंदणीच्या अर्ज ६ मध्ये बेघराला पत्त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री एकाहून जास्त वेळा येऊन माणूस तिथे झोपतो का ते पाहतो. १८ झालेल्या किती जणांना हे कोणी सांगितलं, आणि सांगणारं माणूस घरचं होतं की बाहेरचं, हे विचारलंत तर आधाराचा एक फार ठोस मापदंड हाती येईल.

निवारा२४

आराखडा बदलतोय. चार गट, माणसांची यादी आधी, आधार दोन्ही दिशांनी, तब्येतीची पाच वेगळी मोजमापं, नमुना ६०० पर्यंत नेता येतो का पाहतो. एक शेवटची शंका: हिमोग्लोबिनचा आकडा त्यांना कधी आणि कसा सांगायचा?

डॉ_परळ

त्याच बैठकीत, तोंडी आणि चिठ्ठीवर. ८ च्या खाली आला तर त्याच दिवशी सोबत घेऊन रुग्णालयात जायचं, ‘उद्या जा’ म्हणायचं नाही. मधल्यांना जवळच्या पालिका दवाखान्याचं नाव आणि वेळ लिहून द्या. चिठ्ठी झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून द्या, पावसात कागद टिकत नाही. आजाराचं नाव वर ठळक लिहू नका, फक्त आकडा आणि तारीख. आणि ती चिठ्ठी कोणाकडे ठेवणार, हे जाता जाता विचारून यादीतल्या त्या माणसापुढे खूण करा.